आमची वाटचाल : बक्षीस जाहीर न करता

आमची कंपनी लहान. गोदामांसाठी साठ्याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर हा आमचा पोटापाण्याचा धंदा. त्यातला लेबल छापण्याचा भाग आम्ही ओपन सोर्स केला, म्हणजे त्याचा कोड कोणालाही पाहता-सुधारता येईल असा खुला केला, तो निव्वळ गरजेपोटी. लेबल प्रिंटरांची भाषा एक नसते. झेब्राचे प्रिंटर झेडपीएल समजतात, टीएससीचे टीएसपीएल. त्यातही मॉडेल बदललं की दोन लेबलांमधली फट ओळखण्याची तऱ्हा बदलते. बाजारातले सगळे प्रिंटर विकत घेऊन टेबलावर मांडणं आम्हाला परवडणारं नव्हतं. ते ज्यांच्याकडे आहेत, अशी माणसं हवी होती. पण त्यांनी आमच्यासाठी का खपावं?

स्पर्धा लावू, सर्वांत जास्त पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल, पाठवेल त्याला बक्षीस देऊ, अशी सूचना टीममधूनच आली. मी ती उचलून धरली नाही, कारण हॅक्टोबरफेस्टचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. डिजिटलओशन या क्लाउड कंपनीने ओपन सोर्सला हातभार लावणाऱ्यांसाठी हा उपक्रम २०१४ मध्ये सुरू केला. ऑक्टोबरात ठरावीक पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये त्या टी-शर्टापायी अशी खोगीरभरती झाली, की रीडमी या प्रकल्पाची ओळख सांगणाऱ्या फाइलमध्ये एखादं विशेषण घुसडून पाठवलेल्या पुल रिक्वेस्ट निस्तरताना प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर मेटाकुटीला आले. शेवटी ऐन ऑक्टोबरात नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी होकार दिला आहे तिथलंच काम धरायचं ठरलं. आधी जाहीर केलेल्या बक्षिसाला काहीतरी मोजावं लागतं, आणि मोजायला सर्वांत सोपं असतं तेच ढिगाने येऊन पडतं.

मानसशास्त्रातला एक जुना प्रयोगही हेच सांगतो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्रं काढायची आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. ज्यांना प्रमाणपत्र आधीच कबूल केलं होतं, त्यांनी पुढे मोकळ्या वेळात चित्रांना इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ दिला. तेच प्रमाणपत्र ज्यांना अवचित मिळालं, त्यांची गोडी मात्र टिकली. मुलांचं मोठ्यांना लागू होतं का, ही शंका रास्त आहे. पण विकिपीडियाच्या सर्वाधिक लिहिणाऱ्या संपादकांवर केलेला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोगही आहे. त्यांतल्या काहींना न सांगता 'बार्नस्टार' हे मानचिन्ह दिलं, तर त्यांचं काम न मिळालेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त भरलं. त्या मानचिन्हाला पैशात काडीची किंमत नाही.

तेव्हा आम्ही ठरवलं, आमिष दाखवायचं नाही, पण झालेल्या कामाला नाव लगेच लावायचं. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कमिटखालीच (बदलाच्या नोंदीखालीच) 'रिपोर्टेड-बाय' (दोष कोणी कळवला), 'टेस्टेड-बाय' (चाचणी कोणी केली) अशा ओळी असतात. ती पद्धत आम्ही उचलली आणि एक पाऊल पुढे नेली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रिंटर निवडायच्या पडद्यावर मॉडेलखाली बारीक अक्षरांत 'चाचणी' असं लिहून तिच्या कर्त्याचं नाव येतं, अर्थात त्याची परवानगी असेल तर. काहींना टोपणनावच हवं असतं, काहींना तेही नको.

एका योगदात्याने कोडची एक ओळही लिहिलेली नव्हती. गोदामात काम करणारा माणूस. लेबल सरकतंय अशी तक्रार खूप जण करत होते. याने मात्र छापलेल्या पट्टीशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो पाठवले आणि दर तिसरं लेबल दोन मिलिमीटर खाली घसरतंय हे दाखवलं. रिलीज नोट्समध्ये आम्ही 'सर्वांचे आभार' न लिहिता नेमकं हेच लिहिलं, त्याच्या नावानिशी. त्यानंतर इतरांकडूनही मोजपट्टीसकट फोटो येऊ लागले. माझ्या मते या प्रकल्पातली आमची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फळलेली जाहिरात तीच.

वार्षिक सन्मान आम्ही बऱ्याच नंतर सुरू केला. निवड योगदातेच करतात, आमचे पगारी कर्मचारी त्यात बसत नाहीत, आणि चाचणी, डॉक्युमेंटेशन, नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणं यांना कोडइतकंच वजन असतं. आधी स्मृतिचिन्हं पाठवायचो. परदेशात ती सोडवायला सन्मानितालाच सीमाशुल्क भरावं लागलं, तेव्हा तो प्रकार बंद केला. एकाने सरळ सांगितलं, मला ढाल नको, माझ्या मॅनेजरला पत्र लिहा. आता विचारून तेच करतो: काय केलं, त्याने कोणाचं काय अडलेलं सुटलं, एक पान.

रोख रक्कम सन्मान म्हणून देत नाही. ग्राहकाच्या निकडीचं काम असलं तर रीतसर कंत्राट करून बाजारभावाने पैसे देतो. टाळ्या वाजवून फुकट राबवून घेणं मला पटत नाही.

मर्जचा अधिकार, म्हणजे आलेले बदल मूळ कोडमध्ये सामील करण्याचा अधिकार, हाही मोठा मान समजला जातो, पण तो पुरस्कारासारखा वाटून टाकायचा नसतो. फाइली आकुंचित करणाऱ्या एक्सझेड युटिल्स या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं प्रकरण अनेकांना आठवत असेल. 'जिया टॅन' नावाने कोणीतरी वर्षानुवर्षं काम करून विश्वास मिळवला, मेंटेनर झाला आणि चोरदरवाजा घुसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याला एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून तो सापडला. आमच्याकडे आता बाहेरच्या दोघांना मर्जचा अधिकार आहे. रिलीजला मात्र दोन जणांची मंजुरी लागते, आणि मालक असलो तरी माझी एकट्याची चालत नाही.