चमक राहू दे

मी चित्रांचे फोटो काढतो. कॅटलॉगसाठी, विम्यासाठी, कधी लिलावासाठी. एका ज्येष्ठ चित्रकारांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाचं काम होतं. सरांची अट एकच, फोटो सालवारीनेच काढायचे.

सकाळ झटपट उरकली. वाई, मेणवलीचा घाट, कोकणातल्या होड्या. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे, दिव्यांवर आणि लेन्सवर चकाकी मारणारे पोलरायझर फिल्टर, शेजारी रंग ताडून बघायचं कलर कार्ड. अशा चित्रांत रंग बरोबर आलाय का, हे कार्डाआधी डोळाच सांगतो. काळा दगड, गढूळ पाणी कसं दिसतं ते ठाऊक असतं ना.

दुपारी अमूर्त चित्रं सुरू झाली. पहिल्याच मोठ्या राखाडी-हिरव्या कॅनव्हासवर ऑटोफोकस नुसता घरघरत राहिला. त्याला पकडायला एखादी कड लागते, ती इथे नव्हतीच. शेवटी कापडाच्या विणीवर हाताने फोकस केला.

स्क्रीनकडे बघून सर म्हणाले, "पत्र्याला रंग दिल्यासारखं दिसतंय रे."

खरंच तसं दिसत होतं. पोलरायझर चकाकी मारतो. घाटाच्या चित्रात तेच हवं असतं. इथे मात्र एक थर तुकतुकीत, त्यावर रोलरने फिरवलेला मंद, मधेच सुरीने खरवडलेला. चकाकी गेली की हे तिन्ही एकच.

चहाला अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचा विषय निघाला. मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या माणसाकडे तो निघतोच. १९४८ साली तिथून बाहेर पडलेले गायतोंडे सुरुवातीला माणसंच काढायचे. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आकृत्या गेल्या आणि रोलर, सुरी आली. सर म्हणाले, "लोकांना वाटतं त्यांनी माणसं पुसली. अरे, आधी चित्र बघताना आपण कॅनव्हासच्या आत जायचो. त्यांनी आपल्याला वरच थांबवलं."

"आणि तुमचं?"

"मेणवलीला एकदा घाट सोडून नुसतं पाणी रंगवलं. मग पाणीही नको वाटलं."

हे उत्तर बरंच वापरलेलं असावं. कारण भिंतीला सालवारीने टेकवलेली चित्रं वेगळंच सांगत होती. पाण्यानंतरच्या वर्षी पुन्हा घाट. मग आडवे पट्टे. मग पट्ट्यांत एक होडी. मग परत सरळसरळ घाट, तोही सुबक. मी तो दाखवला तसे सर हसले. "तो विकला जायचा ना. घर चालवायचं होतं." मला विचाराल तर त्या मधल्या, धड इकडे ना तिकडे अशा चित्रांतच सगळ्यात जास्त झटापट दिसते. कॅटलॉगमध्ये त्यांतली फार थोडी घेतली.

पोलरायझर काढले. एकच दिवा डावीकडून, अगदी तिरका ठेवला. थर उठून दिसले, कडेला एक पांढुरकी चमकही आली. सर म्हणाले, हाच घे.

पुढच्या आठवड्यात छापखान्यातून फोन. "डावीकडे लाइट मारलाय. साफ करून टाकू?"

"हात लावू नकोस," म्हटलं. तरी प्रूफ बघायला स्वतः गेलो.