ईईजीच्या खोलीतली ‘स्वच्छ’ अर्थिंग

एका रुग्णालयातल्या ईईजीच्या (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख काढण्याच्या) खोलीतून तक्रार आली होती, की आलेखावर वीजपुरवठ्याच्या 50 हर्ट्‌झची जाड पट्टी उमटते आणि त्याखालच्या लहरी वाचताच येत नाहीत. मेंदूचे हे संकेत साधारण 10 ते 100 मायक्रोव्होल्टचे असल्यामुळे अर्थिंगमधला थोडासा गोंगाटही त्यांना झाकून टाकतो.

सॉकेट उघडल्यावर मात्र मला काळजी वाटली ती निराळ्याच गोष्टीची. ‘स्वच्छ अर्थ’ मिळावी म्हणून कुणीतरी खिडकीबाहेर स्वतंत्र अर्थ पिट (अर्थिंगसाठी जमिनीत केलेला खड्डा) खणून सॉकेटची अर्थ पिन फक्त त्यालाच जोडली होती. इमारतीच्या सगळ्या अर्थ तारा जिथे एकत्र येतात, त्या मुख्य अर्थ बारशी तिचा काहीच संबंध नव्हता. पिटचा रोध 8 ओहम भरला आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थचा 2. म्हणजे यंत्रात फेज बॉडीला टेकली, तर 230 व्होल्टला मातीतून परतणारा प्रवाह जेमतेम 23 अँपिअर. तेवढ्यावर तिथला 32 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह आला की पुरवठा तोडणारा स्विच, पडणार नाही आणि बॉडीवर 184 व्होल्ट तसेच राहतील. त्या सर्किटला आरसीसीबी, म्हणजे अर्थकडे गळणारा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा स्विचही नव्हता. रुग्णाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावायच्या खोलीत हे चालणे शक्यच नव्हते, म्हणून मी तपासण्या थांबवायला सांगून पुरवठा बंद केला.

संवेदनशील सॉकेटची अर्थ वेगळी ठेवायची असते ती वाटेत, जमिनीत नव्हे. त्यासाठी असे सॉकेट लागते, ज्याची अर्थ पिन त्याच्या धातूच्या पट्टीला टेकत नाही. अमेरिकेत त्यावर नारिंगी त्रिकोणाची खूण असते. तिथून इन्सुलेशन असलेली स्वतंत्र हिरवी-पिवळी तार फेज आणि न्यूट्रलच्या सोबतीने, त्याच कंड्युइटमधून (तारांच्या नळीतून) ओढली आणि मधल्या बोर्डाच्या बारला न लावता थेट मुख्य अर्थ बारवर नेली. सॉकेटचा डबा आणि कंड्युइट यांना त्यांची नेहमीची अर्थ दिली. बाहेरचा पिट तसाच सुटा न सोडता मुख्य बारला जोडून टाकला, कारण वीज कोसळल्यावर दोन सुट्या अर्थमध्ये निर्माण होणारा विद्युतदाबाचा फरक यंत्राच्या अंगावर येतो.

आलेखावरची पट्टी बरीच बारीक झाली, पण गेली नाही. मजल्याच्या बोर्डाकडे येणाऱ्या मुख्य अर्थ तारेला क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा) लावला, तर 2.6 अँपिअर! जिथे मिलिअँपिअरची गळती अपेक्षित, तिथे अँपिअर दिसले की संशय न्यूट्रलवर जातो. बोर्डात न्यूट्रल बार आणि अर्थ बार तांब्याच्या तुकड्याने जोडलेले सापडले. न्यूट्रलचा काही प्रवाह अर्थमधून परतत असल्यामुळे केबलमधले जाणारे-येणारे प्रवाह समान उरले नव्हते, आणि न फिटलेल्या त्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र भिंतीपलीकडून इलेक्ट्रोडच्या तारांच्या वेटोळ्यात शिरत होते. हे कुठलेच सॉकेट अडवू शकत नाही. पुरवठा बंद करून तो तुकडा काढला, तेव्हा मीटर 40 मिलिअँपिअरवर आला.

उरलेली किंचित थरथर इलेक्ट्रोडच्या तारा एकत्र वळून यंत्राच्या पॉवर केबलपासून दूर घेतल्यावर थांबली. सॉकेटला आरसीसीबी बसवला, आणि अर्थ सातत्याची चाचणी नीट आल्यानंतरच खोली पुन्हा वापरायला दिली.