जोत्याची ओल

रत्नागिरीकडच्या आमच्या घराभोवती पूर्वी एक रेघ होती. वळचणीखालच्या मातीत पागोळ्यांनी वर्षानुवर्षे ठिबकून पाडलेल्या लहान लहान खळग्यांची ती ओळ घराला चारी अंगांनी वेढून असे. आजोबांनी तीत गोटे बसवले होते, त्यामुळे धार दगडावर फुटे आणि जोत्यावर चिखल उडत नसे. त्या ओळीच्या बाहेर हातभर रुंदीचा चर होता. वैशाखात कौले शाकारून झाली की आजोबा कुदळ-घमेले घेऊन चर उपसत, पातेरा काढत आणि शेवटी वरच्या अंगाला कळशीभर पाणी ओतून ते माडांच्या आळ्यांपर्यंत न थबकता जाते का, हे उभे राहून पाहत.

वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात ही सारी खटपट एकाच गोष्टीसाठी होती, ती म्हणजे पाणी पायापर्यंत पोहोचूच द्यायचे नाही. जांभा दगड सच्छिद्र. खालची ओल त्यातून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखी वर चढते. म्हणून जोते उंच, छप्पर भिंतीच्या बरेच पुढे आणि अंगणाला बाहेरच्या बाजूने उतार. घाटावरच्या काळ्या मातीचे दुखणे निराळे. ती ओलीने फुगते, उन्हाने आकसते आणि भिंतींना तडे पाडते. म्हणून तिथे माती काढून मुरमापर्यंत जावे लागते.

वीस वर्षांपूर्वी आम्ही कौले उतरवून स्लॅब टाकला. गच्ची मिळाल्याच्या आनंदात वळचण गेली हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. शंभर चौरस मीटरच्या छपरावर एका दिवसात दहा सेंटिमीटर पाऊस झाला, तर दहा हजार लिटर पाणी जमते. पूर्वी ते घराच्या परिघावर थेंबाथेंबाने वाटले जाई. आता ते चार इंची दोन पाइपांतून दोन कोपऱ्यांवर कोसळू लागले. पुढे अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हा चर बुजला. त्यातच फरशीचा उतार चुकून घराकडे झाला. तिसऱ्या पावसाळ्यात माजघराच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत लोणा लागला आणि रंगाचे पोपडे सुटले. रंगाऱ्याने दोनदा पैसे घेतले. भिंतीला काय, तिचे दुखणे पायाशी होते.

मग आलेल्या गवंड्याने ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणजे जमिनीतले पाणी वाहून नेणारा खडीने भरलेला चर सुचवला. नाव ऐकून मला पॅरिस आठवले, पण त्याचा फ्रान्सशी संबंध नाही. हेन्री फ्रेंच नावाच्या अमेरिकी गृहस्थाने 1859 मध्ये शेतजमिनीच्या निचऱ्यावर पुस्तक लिहिले, त्याच्या आडनावावरून हे नाव पडले. शेतातली ही युक्ती तिकडे घरांच्या पायाशीही आली. थंड प्रदेशांत जमीन गोठते त्या खोलीच्याही खाली पाया न्यावा लागतो, साहजिकच तळघर होते आणि तळघर म्हटले की भिंतीबाहेरचे पाणी आलेच. तेथे प्रथम भाजलेल्या मातीच्या नळ्या टोकाला टोक लावून पुरत, सांध्याच्या फटींतून पाणी आत शिरे. नंतर भोके पाडलेले प्लॅस्टिकचे पाइप आले, तरी कॅनडात त्यांना अजूनही ‘टाइल’ या कौलाच्याच नावाने ओळखतात.

आमच्याकडे ‘भोकांचा पाइप’ आला. फरशी उखडून जोत्यालगत चर खणला. त्यात जिओटेक्स्टाइलचे कापड अंथरून खडी, खडीत पाइप, वर पुन्हा खडी आणि कापडाची घडी. गाळ आत जाऊन भोके बुजू नयेत, यासाठी कापड. गवंडी भोके खालच्या अंगाला ठेवत होता, ते मला उलटे वाटले. तो म्हणाला, “साहेब, पाणी वरून नाही, खालून भरत येतं. तळाशी आलं की लगेच शिरायला नको का?” गच्चीचे पाइप मात्र त्याने यात जोडले नाहीत, ते पाणी वेगळ्या नळीने दूर नेले. पायाजवळची ओल काढणाऱ्या पाइपात छपराचे पाणी सोडणे म्हणजे बादलीतले पाणी उपसताना वर नळ चालू ठेवणे, हे त्याचे म्हणणे मला पटले.

मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीत मी छत्री घेऊन माडांपाशी, पाइपाच्या तोंडाशी उभा राहिलो. गच्चीची नळी धो धो वाहत होती आणि हा पाइप कोरडा ठणठणीत. आई पडवीतून म्हणाली, “आजोबांचा चर कसा लगेच वाहायचा!” पाऊस थांबला, रात्र गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी, स्वच्छ ऊन पडलेले असताना, त्या तोंडातून करंगळीएवढी गढूळ धार लागली आणि हळूहळू नितळ होत दोन दिवस वाहत राहिली.