स्प्रिंग बदलली आणि ट्रिगर मेला: .22 पिस्तुलातला रीसेट कुठे अडतो

25 मीटर पिस्तूल स्पर्धेत ट्रिगरचं वजन किमान 1000 ग्रॅम भरावं लागतं. हाती आलेलं पिस्तूल त्याहून जड ओढत असेल, तर हलक्या स्प्रिंगा बसवायचा मोह होतो. मग पहिला बार नीट होतो, बोट सोडलं जातं, आणि पुढे काहीच नाही. ट्रिगर मागेच राहतो, नाहीतर पुढे येऊनही पोकळ लागतो. दोष नव्या स्प्रिंगेला दिला जातो, पण ती स्प्रिंग बऱ्याचदा चांगली असते. बिघडलेला असतो तिचा बाकीच्या स्प्रिंगांशी आणि स्क्रूंशी असलेला हिशेब.

बार झाला की स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे जाते आणि डिस्कनेक्टरला, म्हणजे ट्रिगर आणि सिअरचा संबंध तोडणाऱ्या भागाला, खाली दाबते. त्यामुळे ट्रिगर बार (ट्रिगरची ओढ पुढे पोचवणारी पट्टी) सिअरपासून, म्हणजे हॅमर अडवून धरणाऱ्या खटक्यापासून, सुटतो आणि सिअर हॅमरला (फायरिंग पिनवर आदळणाऱ्या हातोडीला) पुन्हा पकडतो. तुम्ही बोट सैल केलं की रिटर्न स्प्रिंग ट्रिगर पुढे ढकलते, ट्रिगर बार स्वतःच्या छोट्या स्प्रिंगेवर वर उचलला जातो आणि सिअरमागे बसतो. कानाला येणारी ‘टक्’ ती हीच, आणि यालाच रीसेट म्हणतात. म्हणजे रीसेटला तीन गोष्टी हव्यात: ट्रिगर पुरेसा पुढे येणं, ट्रिगर बार वर उचलला जाणं, आणि स्लाइड पूर्ण बंद असणं.

तपासणी आधी करा, खोलणं नंतर. मॅगझिन बाहेर, स्लाइड उघडी, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. रिमफायरमध्ये (काडतुसाच्या कडेवर, म्हणजे रिमवर, आघात होऊन बार उडतो त्या प्रकारात) रिकामा हॅमर पाडला तर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळू शकते, म्हणून स्नॅप कॅप (नकली काडतूस) घाला. आता ट्रिगर ओढा आणि दाबूनच धरा. तसाच धरून स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडा, मग बोट अगदी सावकाश सैल करत न्या. स्लाइड हळू सोडून आणि झटक्याने सोडून, दोन्ही तऱ्हांनी करा. कुठे अडतं यावरून कारण बरंचसं कळतं.

ट्रिगर मागेच चिकटून राहिला, तर रिटर्न स्प्रिंग कमी पडते आहे किंवा काहीतरी तिला अडवतं आहे. टॉर्शन स्प्रिंगेचा (पीळ देऊन जोर लावणाऱ्या स्प्रिंगेचा) पाय खाचेतून निसटलेला असणं हे सर्वांत नेहमीचं. पण आपल्याकडे, अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत, त्याच्याही आधी ग्रिप (मूठ) काढून बघा. अक्रोडाची ग्रिप पावसाळ्यात फुगते. ज्या पिस्तुलांत ट्रिगर बार फ्रेमच्या बाहेरून, ग्रिपखालून जातो, तिथे ती ट्रिगर बारावर घासते. हाताच्या मापाला लावलेली पुटी आत ओघळली असेल तरीही तेच. जुनी जड स्प्रिंग हे घर्षण मुकाट्याने रेटून नेत होती, हलकीला ते झेपत नाही. ग्रिप काढल्यावर रीसेट आला तर लाकूड आतून थोडं तासा, स्प्रिंगेला हात लावू नका.

ट्रिगर पुढे आला पण ‘टक्’ नाही, तर आधी स्लाइडच्या मागच्या बाजूला अंगठ्याने पुढे दाबा. तेवढ्याने टक् वाजली तर ट्रिगर निर्दोष आहे. स्लाइड मिलिमीटरभर उघडी राहते आहे आणि डिस्कनेक्टर दबलेलाच आहे. रिकॉइल स्प्रिंगही (स्लाइड पुढे आणून बंद करणारी) हलकी बसवली असेल किंवा चेंबरमध्ये मेण-काजळीचा थर असेल तर असं होतं. दाबूनही वाजली नाही, तर प्रीट्रॅव्हल स्क्रू (ओढ सुरू होण्याआधीचं ट्रिगरचं मोकळं अंतर ठरवणारा) बघा. तो फार आत गेला की ट्रिगर पुढे यायला जागाच उरत नाही, ट्रिगर बार सिअरच्या अलीकडेच थांबतो. पाव फेरा बाहेर काढा आणि पुन्हा तपासा. एम3 आट्याचा स्क्रू पाव फेऱ्यात 0.125 मिमी सरकतो, आणि कधीकधी तेवढंच अंतर कमी पडलेलं असतं. त्यानंतर ट्रिगर बार उचलणारी स्प्रिंग आणि सुकलेलं तेल.

तेलाचं जरा सविस्तर सांगायला हवं. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल लावणारे आहेत. ते साधारण 24 अंशांखाली थिजतं, त्यामुळे घरी नीट चालणारं पिस्तूल वातानुकूलित रेंजवर अडू शकतं. जाड ग्रीसही डिस्कनेक्टरवर नको. पातळ गन ऑइलचा एक थेंब, बाकी पुसून टाका. फोमच्या पेटीत पिस्तूल महिनोन्‌महिने ठेवू नका, कारण फोम ओल धरून ठेवतो. कार्बन स्टीलच्या बारीक तारेवर खाऱ्या हवेत आधी कापलेल्या टोकांना गंज चढतो, आणि तेच टोक खाचेत फिरायचं असतं.

तिसरा प्रकार धोक्याचा: स्लाइड बंद होताना हॅमर तिच्याबरोबर खाली येतो. म्हणजे सिअरची पकड सुटते आहे. बहुधा सिअर स्प्रिंग अति हलकी असते, किंवा सिअर-हॅमरची पकड स्क्रूने फार कमी केलेली असते. इथे थांबायचं. भरलेल्या पिस्तुलात यातून एका ओढीत दोन बार होऊ शकतात. मूळ स्प्रिंग परत बसवा आणि परवानाधारक आर्मररला (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याला) दाखवा. सिअर किंवा हॅमरची खाच घरी घासायची नाही, कायद्यानेही नाही: शस्त्र अधिनियम 1959 नुसार शस्त्रदुरुस्तीला परवाना लागतो.

1911 या जुन्या अमेरिकन पिस्तुलाच्या घाटणीच्या पिस्तुलात तीन पात्यांची एकच स्प्रिंग असते. डावं पातं सिअरचं, उजवं ग्रिप सेफ्टीचं (मूठ पकडली की सुटणाऱ्या सुरक्षा-खटक्याचं) आणि मधलं डिस्कनेक्टर व ट्रिगर दोघांचं. ओढ हलकी करायला मधलं पातं मागे वाकवलं की रीसेट त्याच्याबरोबर जातो.

वेढा कापून स्प्रिंग हलकी होते हा समज अर्धाच खरा. दहा कार्यरत वेढ्यांतला एक कापला तर कडकपणा सुमारे 11 टक्क्यांनी वाढतो, फक्त सुरुवातीचा दाब घटतो. रिटर्न स्प्रिंगेत हे नेमकं उलटं पडतं, कारण ट्रिगर पुढे पोचतो तिथेच जोर हवा असतो आणि तिथेच तो संपतो. तारेची जाडी तर फारच बोलते: बाकी माप तेच ठेवून 0.50 मिमीऐवजी 0.45 घेतली तर कडकपणा 34 टक्क्यांनी उतरतो. म्हणून काढलेली प्रत्येक स्प्रिंग व्हर्नियरने मोजून, वेढे मोजून, चिठ्ठीसह वेगळ्या पुडीत ठेवा. आणि एका वेळी एकच बदला.

हॅमर स्प्रिंग हलकी करून वजन उतरवणं मला मुळीच पटत नाही. रिमफायरला रिम चेपायला जोर लागतो, तो कमी झाला की मिसफायर सुरू होतात. वजन ट्रिगरच्या ओढीच्या पहिल्या टप्प्याच्या समायोजनातून काढा, आणि तपासताना नळी सरळ उभी धरून 1000 ग्रॅमचं वजन उचला. नेमक्या 1000 वर न ठेवता 1020-1030 वर ठेवलं तर तपासणीच्या टेबलावर धाकधूक राहत नाही, आणि रिटर्न स्प्रिंगेतही थोडा जोर शिल्लक राहतो.