आईच्या ओव्या, सह्याद्री वाहिनी आणि गच्चीवरची डिश

फोन आला तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. चार महिन्यांपूर्वी गावी तिच्या आणि काकूच्या जात्यावरच्या ओव्या चित्रित करून नेल्या होत्या, त्या पुढच्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला सह्याद्री वाहिनीवर लागणार होत्या. फोन ठेवल्याठेवल्या आईने विचारलं, "दादाला कसं दिसेल गं?" दादा जर्मनीत. आपले साडेसहा म्हणजे जुलैत त्याच्याकडे दुपारचे तीन, ऐन कामाची वेळ. आणि काकू गावी. पावसाळ्यात तिथे त्या वेळी वीज असेल याची खात्री कोण देणार?

कार्यक्रम पुढेमागे यूट्यूबवर आलाही असता, पण त्या भरवशावर बसायची माझी तयारी नव्हती. आईचा आवाज आपल्या घरात, आपल्या डिस्कवर हवा, एवढं मनाशी पक्कं होतं. हातात आठ दिवस होते.

पूर्वी हे काम किती सोपं होतं! आमच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये टीव्ही ट्यूनर कार्ड होतं. केबलची वायर थेट त्याच्या पाठीमागे लावायची, चॅनेल शोधायचा आणि लाल बटण दाबायचं. मग केबल डिजिटल झाली. पुणे दुसऱ्या टप्प्यात होतं, मुदत ३१ मार्च २०१३. तेव्हापासून केबलमधून येणारे चॅनेल कुलूपबंद येतात आणि किल्ली सेट-टॉप बॉक्समध्ये असते. कॉम्प्युटरला नुसती वायर देऊन काही दिसत नाही.

केबलवाल्या दादांना विचारलं तर ते म्हणाले, "ताई, बॉक्सलाच पेनड्राइव्ह लावा की, रेकॉर्डिंग होतंय." खरंच झालं. बॉक्सवर लावून पाहिलं तर चित्रही छान दिसलं. पण तोच पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला तर व्हीएलसी प्लेअरसुद्धा ती फाइल उघडेना. बॉक्स आपल्या किल्लीने ती बंद करून ठेवतो, त्यामुळे ती त्याच बॉक्सवर चालते. उद्या बॉक्स बिघडला, बदलून नवा आला, की आधीचं सगळं गेलं. आईच्या ओव्या अशा बंदिस्त ठेवणं मला मान्य नव्हतं.

मग बॉक्सची एचडीएमआय वायर कॅप्चरच्या डोंगलला, म्हणजे चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेणाऱ्या जोडणीला लावली. पडदा काळा. बॉक्स तिथेही संरक्षण लावून चित्र सोडतो. राहिली जुनी पिवळी-लाल-पांढरी एव्ही वायर. तीनशे-चारशे रुपयांच्या यूएसबी कॅप्चर स्टिकला ती लावली, ओबीएस हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडला आणि चित्र आलं. मी आनंदाने वीस मिनिटांची चाचणी घेतली. शेवटी निवेदिकेचे ओठ आधी हलत होते आणि शब्द मागून येत होते. त्या स्टिकमध्ये चित्र आणि आवाज वेगवेगळ्या घड्याळांवर चालतात, त्यामुळे अंतर हळूहळू वाढत जातं. शिवाय सगळ्या आवाजाखाली एक बारीक घुंईं होती. बातम्यांना चाललं असतं. ओव्यांना नाही.

शनिवारी रात्री डोक्यात आलं, की सह्याद्री आकाशातून कुलपाशिवाय येतेच आहे. डीडी फ्री डिश! डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही सेवा, महिन्याचं भाडं नाही. तिचे चॅनेल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात आणि तो पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे. कॉम्प्युटरला उपग्रहाचा ट्यूनर असेल, तर आलेला डिजिटल प्रवाह जसाच्या तसा फाइलमध्ये उतरतो. बॉक्समधून निघालेल्या चित्राची नक्कल करायची गरजच राहत नाही. मला नेमकं हेच हवं होतं.

डिश, एलएनबी (डिशसमोर बसणारं, सिग्नल पकडणारं यंत्र) आणि पंधरा मीटर वायर दीड हजाराच्या आत मिळाली. यूएसबीचा उपग्रह ट्यूनर (डीव्हीबी-एस२) महाग असतो. तो ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने महिनाभरासाठी दिला, त्याचे उपकार मी विसरणार नाही.

रविवारी सकाळी गच्चीवर. पुण्यातून हा उपग्रह आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १३१ अंशांवर, आणि क्षितिजाच्या वर साधारण ५९ अंशांवर सापडतो. दिशा मोबाइलच्या होकायंत्राने धरली, लोखंडी पाइपपासून चार पावलं लांब उभं राहून, कारण जवळ गेलं की काटा भरकटतो. उंचीला मात्र मी दोन तास घालवले. डिश ५९ अंश तिरकी केली आणि काहीच मिळेना. ही घरगुती डिश ऑफसेट असते. तिचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे ती आकाशात जिथे पाहते त्यापेक्षा बरीच कमी तिरकी दिसते. मागच्या पट्टीवरचे आकडे हा फरक धरूनच छापलेले असतात. डोळ्यांवर विश्वास न ठेवता पट्टीवर ५९ लावलं आणि मग डावी-उजवीकडे अगदी नखभर, नखभर सरकवत गेले.

तरीही सिग्नल शून्य. खाली आले, वायरीचं टोक उघडलं. बाहेरच्या जाळीची केसाएवढी एक तार वाकून मधल्या तांब्याला टेकली होती. एलएनबीला वीज याच वायरीतून जाते, १३ किंवा १८ व्होल्ट; ती तिथेच शॉर्ट होत होती. ट्यूनरची यूएसबी काढली, टोक पुन्हा सोललं, जाळी नीट मागे दुमडली, एफ कनेक्टर पिळून बसवला. यूएसबी पुन्हा लावली आणि सिग्नलचा आकडा वर चढला. आई जिन्यात उभी राहून विचारत होती, "आलं का गं?" आलं.

जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स होतंच. त्यावर टीव्हीहेडएंड नावाचा मोफत प्रोग्रॅम घातला; तो ब्राउझरमधून ९९८१ या पोर्टवर उघडतो. एलएनबी युनिव्हर्सल निवडायचा, उपग्रहाची जागा द्यायची, ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहावरचे चॅनेलांचे गट, स्कॅन करायचे. स्कॅन वाया जात असेल तर सिम्बॉल रेट (प्रवाहाचा वेग) २९५०० आहे ना, तो आधी पाहा. सापडलेल्या सेवांमधून सह्याद्री चॅनेल म्हणून जोडली. कार्यक्रमपत्रिकेवर विसंबण्यापेक्षा मी सरळ घड्याळाची वेळ टाकली: पाच मिनिटं आधीपासून, पंधरा मिनिटं नंतरपर्यंत. रेकॉर्डिंगचा प्रकार "पास" ठेवला, म्हणजे प्रवाहाला कुठेही हात लावायचा नाही.

गुरुवारी दुपारी चारला आभाळ भरून आलं. हे सिग्नल केयू बँडचे, म्हणजे फार उच्च फ्रीक्वेन्सीचे. जोराचा पाऊस त्यांना मधेच गिळतो. माझे हातपाय गार पडले. सव्वासहाला केबलच्या बॉक्सवर एव्हीची स्टिकही लावून ठेवली, घुंईंसकट का होईना. साडेसहाला पाऊस कोसळत होता. सुरुवातीच्या निवेदनात दोनदा चित्राचे चौकोन झाले. मी टीव्हीकडे पाहतच नव्हते, सिग्नलच्या आकड्याकडे पाहत होते. मग जातं दिसलं, आणि आईचा हात खुंट्यावर दिसला, तेव्हा आकडा सावरला होता आणि शेवटपर्यंत तसाच राहिला.

रात्री फाइल उघडली. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, पुढेमागे सोडलेल्या जागेसह १.१ जीबी. चाचणीत घुंईंखाली जे गेलं असतं ते इथे स्वच्छ होतं: दगडाची घरघर, आई जात्यात वैरण (दाण्यांची मूठ) टाकते तेव्हा क्षणभर बदलणारा तिचा सूर, आणि काकूच्या बांगड्या. महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्या गी पॉइट्वा आणि हेमा राईरकर यांनी वर्षानुवर्षं गावोगाव जाऊन जमवल्या, एक लाखाहून अधिक. त्या संग्रहाबद्दल ऐकताना मला नेहमी वाटायचं, आपल्या घरातल्या कोण उतरवून घेणार?

आता दादापर्यंत न्यायचं होतं. हा प्रवाह एमपीईजी-२ या जुन्या व्हिडिओ पद्धतीचा असतो, ब्राउझर तो चालवत नाहीत. आणि कॉम्प्युटरवर जातं फिरताना आईच्या हाताला फणीच्या दातांसारख्या रेघा येत होत्या, कारण चित्र इंटरलेस्ड, एका फ्रेममध्ये दोन क्षणांच्या ओळी गुंफलेल्या. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये याडिफ हे फिल्टर लावून त्या काढल्या आणि ब्राउझरला चालणाऱ्या एच.२६४ पद्धतीची वेगळी प्रत केली. मूळ फाइल तशीच जपून ठेवली आहे. तुम्हीही ठेवा, उद्या याहून चांगलं फिल्टर येईल.

ती प्रत जेलीफिन या घरच्या व्हिडिओ सर्व्हरमध्ये टाकली. घरातल्या टीव्हीवर लगेच दिसली, बाहेरून मात्र नाही. आमच्या फायबर कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) नाही, एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडून उपयोग होत नाही. टेलस्केल हा दूरची यंत्रं खाजगीपणे जोडणारा प्रोग्रॅम घातला, दादाच्या लॅपटॉपवरही घातला, आणि दोन्ही यंत्रं एकाच घरात असल्यासारखी बोलू लागली. बाहेरच्या कुणासाठी काही उघडं ठेवायची गरज पडली नाही. तेही मला महत्त्वाचं वाटतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ प्रसारणाचं रेकॉर्डिंग स्वतःच्या खाजगी वापरासाठी करू देतं. त्यामुळे ही फाइल घरातच राहणार, कुठेही चढवणार नाही.

दादाने त्यांच्या रात्री दहाला पाहिलं. फोन केला आणि आईशी बोलायच्या आधी बराच वेळ नुसताच धरून बसला.

पुढच्या रविवारी आम्ही गावी गेलो. काकूच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली. काकू पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकत होती. दुसऱ्या ओवीला तिने पदर सावरला, आईकडे पाहिलं आणि टीव्हीतल्या आवाजाच्या बरोबरीने दोघी गायला लागल्या. मधेच काकू थांबली. "हितं मी चुकले बघ," ती म्हणाली, "मागं घे गं पोरी, परत लाव." मी मागे घेऊन परत लावलं.