अंबाझरीच्या बांधावर संध्याकाळचे पोर्ट्रेट: थर्माकोल, जिलेटिन पेपर आणि एक फ्लॅश

नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या बांधावरून पाणी पश्चिमेला दिसतं, त्यामुळे मॉडेलच्या मागे तलाव आणि सूर्य दोन्ही येतात, चेहरा मात्र अंधारात राहतो. डिसेंबरात सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास, तोही दक्षिणेकडे चांगलाच सरकून. मे-जूनमध्ये हेरून ठेवलेली जागा आता चालत नाही. मोबाइलच्या होकायंत्रावर दिशा पाहूनच उभं राहायचं.

सूर्य बुडायच्या पाऊण तास आधीपर्यंत चेहऱ्यावर उजेड परतवायला दोन बाय तीन फुटांची थर्माकोल शीट पुरते. चेहऱ्यापासून तीन-चार फुटांवर, छातीच्या वर धरायची. खालून धरली की हनुवटी उजळते आणि डोळ्यांखाली उलट्या सावल्या पडतात. गाडीच्या काचेला लावतात तो चंदेरी पडदा जास्त उजेड फेकतो, पण मॉडेलचे डोळे मिचकतात. थर्माकोलच बरं.

सूर्य क्षितिजालगतच्या धुरकटात शिरला की शीटवर परतवण्याइतका उजेडच उरत नाही. खरं काम इथून पुढे. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून ट्रिगरवर (दूरून फ्लॅश उडवणाऱ्या वायरलेस यंत्रावर) घ्यायचा आणि दोन फुटांवरून त्याच थर्माकोलवर मारायचा. छोट्या डोक्याचा कडक प्रकाश शीटएवढा मोठा आणि मऊ होतो. अडचण येते सिंक स्पीडची, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत जलद शटरची. सोनेरी आभाळाला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर एफ/२ चं अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) आणि १/१००० सेकंदाचं शटर लागतं, साधा फ्लॅश मात्र १/२०० च्या पुढे जात नाही. एनडी फिल्टर (लेन्ससमोरची उजेड कमी करणारी करडी काच) नसेल तर चमक कापणारा पोलरायझर फिल्टर लावा: तो साधारण दीड स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), मग एफ/२.८ आणि १/२०० वर आभाळ जमतं. मात्र फ्लॅशचा उजेडही तेवढाच कमी होतो, म्हणून फ्लॅशची पॉवर पूर्ण ताकदीच्या १/१६ वरून १/८ ते १/४ वर न्यावी लागते.

पांढरा फ्लॅश केशरी आभाळापुढे निळसर दिसतो. स्टेशनरीच्या दुकानातला नारिंगी जिलेटिन पेपर चालतो, पण त्याचा रंग फार गडद. फ्लॅशचं पूर्ण डोकं झाकलं तर चेहरा तांबडा होतो. अर्धंच झाका, दोन्ही रंग थर्माकोलवर मिसळतात. पिवळा कागद नको, त्वचा हिरवट दिसते. कागद फ्लॅशच्या काचेला चिकटवू नका, बोटभर अंतर ठेवा. सलग फ्लॅश मारले तर तो तापून आक्रसतो. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग जुळवणारी सेटिंग) ५२०० केल्विनवर पक्का करा, ऑटोवर ठेवलात तर सगळा सोनेरीपणा धुऊन निघेल.

सूर्य बुडाल्यावर दर तीन-चार मिनिटांना साधारण एक स्टॉप उजेड जातो. आधी पोलरायझर काढा, मग एफ/२, मग आयएसओ ४००. ८५ एमएमची लेन्स हातात धरून शटर १/१०० च्या खाली नेऊ नये. बांधावर वारा असतो, उडणाऱ्या केसांना दुहेरी कडा येतात. फोकस भटकू लागला तर मोबाइलचा टॉर्च डोळ्यांवर टाकून फोकस लॉक करा आणि टॉर्च विझवूनच क्लिक करा.

पुढच्या वेळी थर्माकोलच्या जागी ताणून धरलेलं पांढरं धोतर, आणि फ्लॅश त्याच्या मागून.