तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे पैसे ओतून आणलेला कोच वर्षभरात काढतात तरी कशाला?

हा प्रश्न मला दर जानेवारीत येतोच. नाशिकहून धाकट्या दिरांचा फोन येतो तेव्हा, इथे डेट्रॉइटमध्ये मंडळाच्या संक्रांतीला नवीन आलेली मंडळी भेटतात तेव्हा. कारण त्याच सुमारास बातम्यांत येतं की एनएफएलमधल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या, अमुक इतक्या टीमनी आपापले हेड कोच काढले, आणि मी इथल्या टीमची, डेट्रॉइट लायन्सची फॅन आहे हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे सगळे मलाच गाठतात. दिरांचं म्हणणं असं, "वहिनी, करोडो रुपये देऊन माणूस आणायचा आणि एका सीझनमध्ये घरी पाठवायचा, मग आणलाच कशाला? आणि हरले तर कॅप्टन बदला ना, कोचचा काय संबंध?"

कॅप्टनचं आधी सांगते, कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात क्रिकेट पक्कं बसलेलं असतं. क्रिकेटमध्ये मॅच सुरू झाली की मैदानावर कॅप्टनचं राज्य, कोच ड्रेसिंग रूममध्ये. इथे तसं नाहीये. इथे जवळपास प्रत्येक प्ले, म्हणजे चाल, बाहेरून ठरतो, कोच साइडलाइनला हेडसेट लावून उभा असतो आणि क्वार्टरबॅकच्या, म्हणजे बॉल घेऊन चाल खेळवणाऱ्याच्या, हेल्मेटमध्ये स्पीकर असतो, चाल सुरू करायच्या घड्याळावर, प्ले क्लॉकवर, १५ सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो, तोपर्यंत जे सांगायचं ते सांगून घ्यायचं. टाइमआउट कधी घ्यायचा, चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, किक मारायची की रिस्क घ्यायची, सगळं कोचच्या डोक्यावर. त्यामुळे हरल्यावर पहिलं बोट त्याच्याकडे जातं, आणि ते अगदीच चुकीचं असतं असंही मी म्हणणार नाही.

आता काढायचं का. सीझन १७ मॅचेसचा, शेवटचा रविवार झाला की दुसऱ्या दिवशी सोमवार, त्याला इथे ब्लॅक मंडेच म्हणतात, त्या दिवशी सकाळपासून फोन वाजायला लागतात. कोचचा करार बहुतेक वेळा चार-पाच वर्षांचा आणि गॅरंटीड असतो, म्हणजे काढला तरी उरलेल्या वर्षांचे पैसे द्यावेच लागतात, त्यामुळे मालक एकाच वेळी जुन्या आणि नव्या अशा दोन कोचना पगार देतोय असं सर्रास चालतं. हे परवडतं कारण खेळाडूंच्या पगारावर लीगची मर्यादा आहे, सॅलरी कॅप, कोचच्या पगारावर ती नाही. ५३ खेळाडू एका वर्षात बदलता येत नाहीत, त्यांच्या करारांचे आकडे कॅपमध्ये अडकलेले असतात, आणि मालक तर स्वतःला बदलणार नाही. मग सीझन तिकीटवाल्यांना काहीतरी बदललं असं दाखवायला उरतो कोण? हेड कोच. पैसे मोजले की प्रश्न मिटतो असं मालकांना वाटतं, आणि माझा राग आहे तो इथेच आहे, कारण ज्याने तो कोच निवडला तो बहुतेक वेळा खुर्चीतच राहतो.

हे मी लायन्सकडे बघून शिकले, त्यामुळे तेच सांगते. १९६३ मध्ये विल्यम क्ले फोर्ड यांनी टीम विकत घेतली, म्हणजे गाड्यांच्या फोर्ड घराण्यातलेच. २००१ मध्ये त्यांनी मॅट मिलनला सगळा कारभार दिला. मिलन चांगला खेळाडू होता, टीव्हीवर कॉमेंट्री करायचा, पण टीम चालवायचा अनुभव शून्य. त्याच्या काळात मॉर्निनवेग आला नि गेला, मारियुची आला नि गेला, मरिनेली आला, प्रत्येक वेळी नवीन कोच नवीन भाषण नवीन पद्धत, आणि निवडणारा तोच. सात वर्षांहून जास्त मिलन टिकला, ३१ जिंकल्या आणि ८४ हरल्या, आणि २००८ चा सीझन सुरू होऊन तीन मॅचेस हरल्यावर त्याला काढलं तोवर टीम इतकी पोखरली होती की त्या वर्षी ०-१६ झालं. तेव्हा सीझन सोळा मॅचेसचा होता, सोळाच्या सोळा हरले. मरिनेलीला शेवटच्या मॅचच्या दुसऱ्याच दिवशी काढलं. म्हणून कुणी म्हणतं ना की मालकाने धीर धरावा, तेव्हा मी विचारते, कुणाच्या बाबतीत? फोर्डसाहेबांकडे धीर भरपूर होता, पण तो चुकीच्या माणसासाठी वापरला.

याच मिलनला २००३ मध्ये लीगने दोन लाख डॉलर दंडही केला होता, ते थोडं सांगायला हवं. २००२ मध्ये टोनी डंजीला टॅम्पा बेने काढलं, त्याची टीम प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीला, जात होती तरी काढलं, त्याच सुमारास मिनेसोटाने डेनिस ग्रीनला काढलं होतं, दोघेही ब्लॅक कोच, आणि वकिलांनी आकडे मांडून दाखवलं की ब्लॅक कोच चांगला निकाल देऊनही लवकर जातो आणि उशिरा मिळतो. त्यातून रूनी रूल आला, पिट्सबर्ग स्टीलर्सचे मालक डॅन रूनी यांच्या नावाने, की हेड कोच नेमताना निदान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायलाच हवी, असा तेव्हा तो नियम होता. मिलनला मारियुचीच हवा होता आणि ते सगळ्यांना माहीत होतं, मग ठरलेल्या नोकरीसाठी नावापुरती मुलाखत द्यायला कोण येणार? दंड झाला. डंजी पुढे इंडियानापोलिसला गेला आणि २००७ च्या फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकणारा पहिला ब्लॅक हेड कोच झाला.

त्याच डंजीच्या हाताखाली तयार झालेले जिम कॉल्डवेल २०१४ मध्ये आमच्याकडे आले. शांत माणूस, साइडलाइनला चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलायची नाही. चार वर्षांत ३६ विजय, २८ पराभव, दोनदा प्लेऑफ. डेट्रॉइटसाठी हे किती होतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. २०१७ चा सीझन ९-७ असा संपला, म्हणजे हरण्यापेक्षा जिंकलेल्या जास्त, आणि १ जानेवारी २०१८ ला त्यांना काढलं. कारण काय, तर ९-७ पुरेसं नाही, टीम याच्यापेक्षा वर जायला हवी. जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू आणि कोच निवडणारे, बॉब क्विन न्यू इंग्लंडच्या टीमकडून आलेले, त्यांनी न्यू इंग्लंडचाच मॅट पॅट्रिशिया आणला, तिथला डिफेन्स सांभाळणारा. तीन वर्षांत १३ विजय, २९ पराभव, एक बरोबरी. आपल्या ओळखीतला, आपल्या आधीच्या ऑफिसातला माणूस आणायचा हा मोह किती महागात पडतो! कॉल्डवेलना त्यानंतर हेड कोचची नोकरी कुणी दिली नाही, मुलाखती झाल्या, नोकरी नाही. याचं मला अजूनही वाईट वाटतं आणि वाटत राहील.

पॅट्रिशियाला काढलं ते २०२० च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर दोन दिवसांनी, आणि या वेळी एक गोष्ट वेगळी झाली, क्विनलाही त्याच दिवशी काढलं. निवडणारा आणि निवडलेला, दोघे एकदम. तोपर्यंत कारभार शीला फोर्ड हॅम्प यांच्याकडे आला होता, विल्यम क्ले फोर्ड यांची मुलगी. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी ब्रॅड होम्सला जनरल मॅनेजर केलं, डॅन कॅम्पबेलला कोच केलं, आणि कॅम्पबेलचा करार सहा वर्षांचा. सुरुवातीला हरणार हे त्यांना माहीत होतं, कारण त्याच महिन्यात आमचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिसला देऊन टाकला, आणि बदल्यात क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ आणि ड्राफ्टचे पिक, म्हणजे कॉलेजमधले नवे खेळाडू निवडायचे हक्क, घेतले. पहिल्या ११ मॅचेसमध्ये एकही विजय नाही, एक बरोबरी. सीझन ३-१३-१. दुसरं वर्षही तसंच सुरू झालं.

२०२२ च्या ऑक्टोबरमधलं ते मी विसरणार नाही. रेकॉर्ड १-५. इथल्या स्पोर्ट्स रेडिओवर सकाळ-संध्याकाळ एकच, कॅम्पबेलला हाकला. आणि हॅम्पबाई स्वतः प्रॅक्टिसला येऊन पत्रकारांसमोर उभ्या राहिल्या. एरवी मालक लोक असे हरण्याच्या दिवसांत तोंड दाखवत नाहीत. त्यांनी सांगितलं की बांधणी अवघड असते, हे आम्हाला माहीत होतं, आणि या दोघांवर माझा विश्वास आहे. त्याच रविवारी मायामीकडून परत हरले, १-६. मग पुढच्या दहापैकी आठ जिंकले, शेवटची मॅच ग्रीन बेला जाऊन जिंकली, तीसुद्धा स्वतः प्लेऑफच्या बाहेर पडलोय हे आधीच कळल्यावर. पुढच्या वर्षी १२-५, आणि १४ जानेवारी २०२४ ला आमच्या स्टेडियमवर, फोर्ड फील्डवर, स्टॅफर्डच्याच लॉस एंजेलिस रॅम्सना २४-२३ ने हरवून ३२ वर्षांनी पहिला प्लेऑफ विजय. गॉफच्या नावाचा जो घोष झाला त्या रात्री! मी इतकी रडले की मुलगी घाबरली.

आता १-६ ला कॅम्पबेलला ठेवणं बरोबर आणि पॅट्रिशियाला काढणंही बरोबर, हे कसं, असं दीर विचारतात. फरक बघणाऱ्याला दिसत होता. कॅम्पबेलची टीम हरत होती ती बहुतेकदा चार गुणांनी, तीन गुणांनी, शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजून, खेळाडू त्याच्यासाठी जीव टाकत होते. पॅट्रिशियाच्या वेळी लॉकर रूम, म्हणजे खेळाडू, केव्हाच त्याच्यापासून तुटली होती. पिट्सबर्गने चक नोलला पहिल्या वर्षी १-१३ झाल्यावरही ठेवलं, त्याने पुढे चार सुपर बोल जिंकले, आणि १९६९ पासून २०२४ च्या सीझनपर्यंत त्यांना तीनच हेड कोच लागले. तिथेही आकड्यापलीकडचं बघणारं मालकांचं घर होतं.

आणि हेड कोचचं निदान नाव होतं, पैसे मिळतात. त्याच्याबरोबर वीस-पंचवीस असिस्टंट असतात, लाइनबॅकरचा कोच, टाइट एंडचा कोच, व्हिडिओ कापून देणारी पोरं, हेड कोच गेला की त्यातले बहुतेक जातात. वर्षाच्या मधोमध मुलांची शाळा सोडायची, घर विकायचं, नवीन शहर. जानेवारीच्या अखेरीला अलाबामात मोबील गावी कॉलेजच्या खेळाडूंचा सीनियर बोल होतो, तिथे नोकरी गेलेले कोच हॉटेलच्या लॉबीत ओळखीच्यांना भेटत फिरतात, कुठे जागा आहे का बघत. गाड्यांच्या धंद्यातले लेऑफ आमच्या गल्लीने खूप पाहिलेत, त्यामुळे त्या लॉबीबद्दल वाचलं की पोटात कालवतं.

आता शिकागोचं. २०२४ ची थँक्सगिव्हिंग, त्यांची टीम बेअर्स आमच्याकडे फोर्ड फील्डवर, आम्ही २३-२० ने पुढे. त्यांचा क्वार्टरबॅक सॅक झाला, म्हणजे बॉल हातात असतानाच पाडला गेला, तीसेक सेकंद शिल्लक, एक टाइमआउट हातात, किक मारून बरोबरी करायची संधी. आणि कुणी टाइमआउट घेतच नाही. घड्याळ पळतंय, खेळाडू इकडेतिकडे बघतायत, सहा सेकंद उरल्यावर प्ले, पास चुकला, मॅच संपली. चूक मोठी होती, त्यांचा कोच मॅट एबरफ्लूसला काढणं समजण्यासारखं होतं, सलग सहा मॅचेस हरले होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला नेहमीसारखं पत्रकारांसमोर बसवलं, पुढच्या मॅचची तयारी करतोय असं तो सांगत होता, आणि काही तासांत त्याला काढलं. त्यांच्या शंभरएक वर्षांच्या इतिहासात सीझनच्या मधे हेड कोच काढायची ती पहिलीच वेळ. त्यांनी नंतर आमचाच ऑफेन्स चालवणारा बेन जॉन्सन नेला, डिफेन्सवाला ॲरन ग्लेन न्यूयॉर्क जेट्सनी नेला.

त्यामुळे कॅम्पबेलबद्दलही आता विचारतात, एखादं वर्ष वाईट गेलं तर? त्याला जन्मभर ठेवा असं मी म्हणत नाहीये. पण दोन्ही हात काढून नेल्यावर त्यांच्या जागी कोण आणलं, होम्सने ड्राफ्टमध्ये कुणाला घेतलं, हा हिशोब आधी मांडा. आणि तरीही काढायचंच ठरलं, तर त्याला आधी खोलीत बोलावून समोरासमोर सांगा, सकाळी मायक्रोफोनपुढे बसवू नका.